चांद्याची राजमाता राणी हिराई

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. आजवर या पानांवर संतांची चरित्रे आली, समाजधुरीणांची आली, दानशूर गृहस्थांचीही आली. स्त्रीचरित्रास मात्र क्वचितच स्थान लाभले. यंदा संपादक मंडळाने लेखनाची आज्ञा केली, तेव्हा आम्ही राणी हिराईचे नाव सुचविले व मंडळाने ते आनंदाने मान्य केले. राणी हिराई आपल्या ज्ञातीची नव्हे. ती चांद्याच्या गोंड राजकुलातील. परंतु ज्या नगराच्या कोटाआड आपल्यापैकी कित्येक कुटुंबे पिढ्यान्पिढ्या सुखाने नांदली, त्या नगराची ती माता होय. मातेचे ऋण मानताना ज्ञातीचा विचार करावयाचा नसतो.

हा विषय निवडण्यास आणखीही एक कारण घडले. आमचे सारे आयुष्य चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांत गेले. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलींची नावे ज्या कारणांस्तव खारीज होत, ती कारणे लिहिताना आमचा हात नेहमी अडखळे : धाकट्या भावंडांस सांभाळणे, घरकाम, विवाह. मुलग्याच्या नावापुढे ही कारणे लिहिण्याचा प्रसंग आम्हांवर क्वचितच आला. घरी मुलगा जन्मास आला की पेढे, मुलगी आली की बर्फी, आणि तिसरीही मुलगीच झाली तर काहीच नाही, हा आपल्याकडील व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. पुत्र नसलेल्या मातेस समारंभात मागल्या रांगेत बसावे लागते, हेही आपण पाहतो. अशा मातांनी व त्यांच्या घरच्या मंडळींनी राणी हिराईचे चरित्र अवश्य वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम चांद्याच्या राज्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या दुआबातील व त्यापलीकडील अरण्यप्रदेशावर गोंड राजांनी कित्येक शतके राज्य केले. त्यांची राजधानी प्रथम शिरपूर येथे होती, पुढे ती बल्लारपुरास आली व अखेर चांद्यास स्थिरावली. या अखेरच्या स्थलांतराची आख्यायिका मोठी अर्थपूर्ण आहे. खांडक्या बल्लाळशहा नावाच्या राजाच्या सर्वांगावर गाठी उठल्या होत्या. शिकारीच्या नादात तृषित होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्याचे पाणी प्याला, आणि त्या रात्री त्यास गाढ निद्रा लागली. गाठी निवळू लागल्याचे प्रथम ध्यानी आले ते राणीच्या. तिने खोदून खोदून विचारले, राजास घेऊन ती त्या स्थळी गेली, आणि तेथेच अंचलेश्वराचे स्थान प्रकटले. पुढे एक ससा शिकारी कुत्र्याच्या पाठीस लागल्याचे अद्भुत दृश्य राजाने पाहिले, तेव्हा त्या भूमीवर तटबंदीचे नगर वसवावे हा सल्लाही राणीनेच दिला. आख्यायिकेतील अद्भुत भाग बाजूस ठेविला, तरी एक गोष्ट उरतेच. या नगराच्या जन्माची कथा सांगताना लोकांनी शहाणपणाचा मान राणीस दिला आहे.

हे राज्य लहानसहान नव्हते. अकबर बादशहाच्या काळी सिद्ध झालेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात चांद्याच्या गोंड राजाच्या मोठ्या पायदळाचा व वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आलेला आहे. ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. राज्याच्या संपत्तीचा हा लौकिक दिल्लीपर्यंत गेलेला असल्यामुळे मोगलांची दृष्टी त्यावर सतत असे. इ. स. 1667 मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान फौजेसह या प्रांतात उतरला आणि चांद्याकडून त्याने जबर खंडणी वसूल केली. अशा सदैव दडपणाखाली असलेल्या राज्याची हिराई राणी झाली. बीरशहा हा तिचा पती.

बीरशहा व हिराई यांस पुत्र नव्हता. एक कन्या होती. तिचा विवाह देवगडच्या गोंड राजघराण्यातील राजपुत्राशी झाला. देवगड हे सातपुड्याच्या पायथ्याकडील दुसरे बलाढ्य गोंड राज्य. दोन मातब्बर घराण्यांचा हा शरीरसंबंध सर्वांस भूषणावह वाटला असेल. परंतु सासरी त्या कन्येच्या वाट्यास अपमान आला. त्या अपमानाची वार्ता चांद्यास पोचताच बीरशहाने शस्त्र उचलले. कन्या दिल्या घरी सुखी नसेल तर तिने मुकाट्याने सोसावे, हा उपदेश करणारे पिते त्या काळी होते आणि आजही आहेत. बीरशहा त्यांपैकी नव्हता. शेजारच्या तुल्यबळ राज्याशी उघड वैर पत्करून तो लेकीसाठी रणांगणावर गेला.

या युद्धाची आख्यायिका चांद्यात अजून सांगतात. आरंभी रणाचा रंग चांद्याच्या विरुद्ध जाऊ लागला, तेव्हा बीरशहाने महाकालीस नवस केला की, विजय लाभल्यास शत्रूचे मस्तक तुझ्या चरणी अर्पण करीन. त्यानंतर युद्धाचे पारडे फिरले, देवगडचा राजपुत्र पडला व नवस फेडण्यात आला. महाकालीच्या मंदिरावर देवगडच्या दिशेस तोंड करून असलेले एक पाषाणी मस्तक त्याच प्रसंगाचे स्मारक म्हणून सांगितले जाते.

वाचकहो, ही कथा ऐकताना पित्याच्या शौर्याने आपला ऊर भरून येतो. तथापि तिच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. मस्तक अर्पण झाले, नवस फिटला, चांद्याचा मान राहिला; आणि ती कन्या विधवा झाली. जिचा कैवार घेण्यासाठी हे सारे घडले, तिच्या संसाराची अशा रीतीने राख झाली. तलवार अपमानाचे उट्टे काढू शकते, मोडलेला संसार सांधू शकत नाही. एकुलत्या एका लेकीचे हे दुःख मातेने उघड्या डोळ्यांनी पाहिले. मातृत्वाच्या कसोट्या अनेक आहेत, परंतु परत आलेल्या लेकीच्या मुखाकडे पाहणे याहून कठीण कसोटी आम्हांस ठाऊक नाही. ज्या घरांवर असा प्रसंग आला आहे, त्यांस आम्ही काय म्हणतो ते सांगावयास नको.

याच बीरशहाने पुढे दुसरा विवाह करण्याचे ठरविले. राजास पुत्र नव्हता आणि राजाने दुसरा विवाह योजिला, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध जोडण्यास मोठ्या पांडित्याची आवश्यकता नाही. लेकीच्या अपमानासाठी सारे राज्य पणास लावणारा पिता आणि धर्मपत्नीच्या उरावर सवत आणू पाहणारा पती, हे दोघे एकाच देहात नांदत होते. आपल्या घरांतूनही ते असेच नांदतात. लेकीवर प्राण ओवाळून टाकणारा गृहस्थ त्याच लेकीच्या आईस मात्र, तू मला मुलगा दिला नाहीस, असे ऐकविण्यास कचरत नाही. लेकीचे मोल जाणणे आणि तिच्या जननीचे मोल जाणणे या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

तो दुसरा विवाह राजास लाभला नाही. त्या विवाहाच्या प्रसंगीच हिरामण नावाच्या, राजाच्या पदरी असलेल्या एका रजपूत वीराने त्याचा वध केला. मंगलवाद्यांच्या जागी आकांत उसळला. राज्यास धनी नाही, गादीस वारस नाही, उत्तरेस देवगडचे वैर धगधगत आहे, मोगलांची खंडणी मानेवर आहे, आणि घरात एक विधवा कन्या व एक विधवा राणी, असा तो काळ होता. जिच्यावर सवत यावयाची होती, तिच्यावरच आता सारे राज्य येऊन पडले.

राजस्त्रियांनी पतीच्या चितेवर देह ठेवण्याची चाल त्या काळी अनेक राजकुलांतून होती आणि तिचा गौरवही होत असे. हिराईने तो मार्ग धरला नाही. ती अंतःपुरात तोंड लपवूनही बसली नाही. तिने कारभार हाती घेतला. आणि राजघराण्याच्याच भाऊबंदांपैकी चंदनखेड्याच्या शाखेतील रामशहा या अल्पवयी मुलास दत्तक घेऊन गादीवर बसविले. तो जाणता होईपर्यंत राज्याची धुरा तिने स्वतः वाहिली.

इतिहासात पुत्राच्या वतीने राज्य राखणाऱ्या माता अनेक झाल्या. गढा-मंडल्याच्या गोंड राज्याची राणी दुर्गावती हिने आपल्या अल्पवयी पुत्रासाठी राज्य सांभाळले व इ. स. 1564 मध्ये मोगल सैन्याशी लढताना देह ठेविला. इ. स. 1700 मध्ये छत्रपती राजाराम महाराज निवर्तल्यावर महाराणी ताराबाईने आपल्या बालपुत्राच्या नावे मराठी राज्याची लढाई चालविली. या दोन्ही वीरमातांपुढे आपले मस्तक नम्रच होते. परंतु त्या ज्यांच्यासाठी झटल्या ते त्यांच्या पोटचे पुत्र होते. हिराईने राज्य राखले ते दुसरीच्या पोटी जन्मलेल्या मुलासाठी, आणि ज्याच्यापायी आपला संसार मोडू घातला होता त्या वारसाच्या प्रश्नाचा निकाल तिने मनात कडवटपणा न ठेविता लाविला. सवत आणून जे राजास मिळवावयाचे होते, ते तिने एका मुलास पदराखाली घेऊन मिळविले. हीच युक्ती आधी योजिली असती, तर राजाचे प्राणही वाचले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

दत्तक घेणे हा एका दिवसाचा विधी आहे. मातृत्व हे पुढील कित्येक वर्षांचे काम आहे. त्या कामाची परीक्षा मुलगा मोठा झाल्यावर होते. रामशहा मोठा झाला तो शांत, सात्त्विक व प्रजावत्सल राजा म्हणून. त्याच्या दीर्घ कारकिर्दीत प्रजा सुखी होती, असे सर्व वृत्तान्त एकमुखाने सांगतात. नागपूरकर रघूजी भोसले चांद्यावर डोळा ठेवून आले असता, रामशहाचे साधे व निर्मळ आचरण पाहून त्यांच्या मनातील आक्रमणाचा हेतू मावळला व ते त्यास पूज्य मानून परत गेले, अशी हकीकत आहे. ज्या राज्यास आजोबा-पणजोबांच्या काळी हजारो सैनिकांनी राखले, ते या राजाच्या स्वभावाने राखले. हा स्वभाव कोणाच्या मांडीवर घडला, हे निराळे सांगावयास नको.

इ. स. 1735 मध्ये रामशहा निवर्तला व त्याचा पुत्र नीलकंठशहा गादीवर आला. तो औरस होता, वारसाविषयी कोणाची तक्रार नव्हती. परंतु तो क्रूर निघाला. जुन्या विश्वासू सेवकांस त्याने दूर केले, प्रजेस गांजले, आणि रघूजी भोसल्यांची फौज पुन्हा चालून आली तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहण्यास मनापासून कोणी सिद्ध नव्हते. इ. स. 1751 मध्ये चांद्याचे गोंड राज्य संपले व नीलकंठशहास बल्लारपूरच्या किल्ल्यात बंदिवास भोगावा लागला. दत्तक पुत्राने राखलेले राज्य औरस पुत्राने घालविले. वंश वंश म्हणून जे कंठशोष करतात, त्यांनी चांद्याच्या इतिहासाचे हे पान पुन्हा पुन्हा वाचावे.

आता हिराईच्या हातून उभ्या राहिलेल्या वास्तूंकडे वळू. आज दिसणारे महाकालीचे मंदिर तिने बांधविले. अंचलेश्वराच्या प्राचीन मंदिराचा जीर्णोद्धार तिनेच करविला. त्याच्या भिंतींवरील कोरीव काम पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. अंचलेश्वराजवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहाची घुमटाची भव्य समाधी सर्वांत मोठी आहे, आणि तीही हिराईनेच बांधविली. पत्नीच्या स्मरणार्थ बादशहाने बांधलेली कबर जगद्विख्यात झाली; पतीच्या स्मरणार्थ पत्नीने बांधविलेली ही समाधी आपल्या गावात असूनही आपल्यापैकी कितीकांनी मुलाबाळांस नेऊन दाखविली आहे? ज्या पतीने सवत आणण्याचा घाट घातला, त्याच्यासाठी तिने ही समाधी उभारली. ही दुर्बळ स्त्रीची लाचारी नव्हती. राज्याची सूत्रे तिच्याच हाती होती. समाधी न बांधती तरी तिला विचारणारे कोणी नव्हते. तिने पतीचे अपराध आणि पतीचे गुण यांचा जमाखर्च आपल्या मनाशी मांडला व क्षमेच्या बाजूने शिल्लक काढली, असेच आम्ही समजतो.

चैत्र महिन्यात महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातील नांदेड, परभणी अशा दूरच्या जिल्ह्यांतून हजारो भाविक, त्यांत कडेवर लेकरे घेतलेल्या असंख्य माता, झरपटेच्या पात्रात स्नान करून देवीच्या दर्शनास जातात. त्यांतील कित्येकींचे नवस पुत्रासाठी असतात. ज्या राणीने हे मंदिर उभारले तिला पुत्र नव्हता, आणि तरीही तिला सारे नगर माता म्हणून स्मरते, ही गोष्ट त्या भगिनींस कोणी तरी सांगावयास हवी.

राणी हिराईच्या काळी स्त्रीच्या पाठीशी कायदा नव्हता. होती ती केवळ तिची बुद्धी व धैर्य. आज तशी स्थिती नाही. इ. स. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली पत्नी असता दुसरा विवाह करणे गुन्हा ठरले. इ. स. 1956 च्या दत्तक कायद्याने मुलीस दत्तक घेण्याचा मार्ग खुला झाला. वडिलार्जित मालमत्तेत कन्येस पुत्राप्रमाणे जन्मतः वाटा देणारी सुधारणा महाराष्ट्राने 1994 मध्ये केली व 2005 मध्ये ती साऱ्या देशास लागू झाली. गर्भातील कन्येचा घात करणाऱ्या लिंगपरीक्षेवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला, आणि 1994 मध्ये केंद्राने तसा कायदा केला. कायदे झाले, परंतु घराच्या उंबरठ्याच्या आत कायदा पोचण्यास कुटुंबातील वडीलधाऱ्यांचेच साहाय्य लागते.

आपल्या वनप्रदेशात मातृत्वाची वाट आणखीही बिकट आहे. पावसाळ्यात नदीनाल्यांस पूर आला की भामरागडसारख्या भागातील गावांचा संपर्क तुटतो, आणि अडलेल्या बाळंतिणीस खाटेवर निजवून नाले ओलांडावे लागल्याच्या वार्ता आपण वाचीत आलो आहोत. अशा गर्भवतींनी दिवस भरत येताच दवाखान्याजवळ येऊन राहावे म्हणून शासनाने माहेरघरे काढली, आणि नावही किती समर्पक दिले! गडचिरोली जिल्ह्यातच डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने गावोगावच्या स्त्रियांस नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. त्या प्रयोगातील 39 गावांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहूनही अधिक घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले व जगभरातील वैद्यांनी त्याची दखल घेतली. हे कार्य ज्यांच्या हातून झाले त्या स्त्रिया पदवीधर नव्हत्या. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या ग्रामीण भगिनी होत्या. दाखल-खारीज रजिस्टरातून एका मुलीचे नाव खारीज होते तेव्हा अशी किती बालके आपण गमावतो, याचा हिशोब कोणीही मांडून पाहावा. मुलगी चार इयत्ता अधिक शिकली तर पुढे तिच्या हातून दुसऱ्यांचीही लेकरे वाचतात.

म्हणून आपल्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे. आपल्या संस्थेच्या कुटुंबसूचीत व घरोघरच्या वंशावळींत केवळ पुत्रांची नावे लिहिण्याची रीत आता बंद व्हावी. कन्यांची नावेही त्याच ओळीत, त्याच अक्षरांत लिहावीत. सासरी दुःखी असलेली लेक परत आली तर तिला आधी घरात घ्यावे, आणि मानापमानाचा विचार नंतर करावा. तिच्या शिक्षणाचा व पायांवर उभे राहण्याचा विचार तर विवाहापूर्वीच झालेला असावा, म्हणजे कोणास तलवार उपसण्याची वेळ येणार नाही. ज्यांच्या घरी कन्याच आहेत त्यांस निपुत्रिक म्हणण्याचे सोडावे. आणि ज्यांच्या घरी अपत्य नाही त्यांनी एखाद्या पोरक्या बालकास, मग तो मुलगा असो वा मुलगी, कायद्याच्या मार्गाने पदरात घ्यावे. आपल्या संमेलनांत पुढील रांगेत कोणास बसवावयाचे, हेही एकदा ठरवून टाकावे.

पुढील चैत्रात महाकालीच्या दर्शनास जाल तेव्हा तेथून अंचलेश्वराकडे पावले वळवा. बीरशहाच्या समाधीपाशी क्षणभर थांबा व सोबतच्या मुलींस ही समाधी कोणी बांधविली ते सांगा. चांद्याच्या प्रत्येक मुलीस हे नाव ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. राणी हिराईच्या स्मृतीस आमचे त्रिवार वंदन असो.